लोबानाचे उडते साप

खोट्या बातमीला मराठीत शब्द किती आहेत ते एकदा मोजून पाहावे. अफवा, आवई, भुमका, वावडी, कंडी. वावडी म्हणजे मुळात पतंग, आणि खाली कुणी दोर धरल्याशिवाय पतंग उडत नाही. कंडी तर पिकवावी लागते, म्हणजे त्यामागे कुणाची तरी मेहनत आलीच. एवढे शब्द ज्या भाषेने जमवून ठेवले, तिच्या माणसांना हा प्रकार नवा नाही, हे उघड आहे.

पालकांच्या बैठकीत हल्ली हा विषय वरचेवर निघतो. आठवी ते बारावीची आपली मुले मोबाईलवर जे वाचतात, पाहतात, पुढे धाडतात, त्यातले खरे किती आणि खोटे किती हे त्यांना कसे शिकवावे? कुणी म्हणते फोन काढून घ्या, कुणी म्हणते उपदेश करा. पंधरा वर्षांच्या मुलाला उपदेश केला की काय होते ते आपण सर्वांनी आपापल्या घरी पाहिलेच आहे. म्हणून आम्ही असे ठरवले की या अंकात उपदेश बाजूला ठेवायचा आणि गोष्टी सांगायच्या. सगळ्या खऱ्या, काही आपल्या महाराष्ट्रातल्या, आणि पहिली तर आपण राहतो त्या धोफारचीच.

सलालाहला आलेला प्रत्येक पाहुणा परत जाताना लोबान घेऊन जातो. हाफ्याच्या बाजारात गेलो की दुकानदार चुलाणात खडा टाकतो, धूर दरवळतो आणि आपण घासाघीस सुरू करतो. हे झाड डोंगराच्या पलीकडे, खरीफचे धुके जिथे संपते त्या कोरड्या वाद्यांमध्ये वाढते. वादी दौका येथे आपल्या सहली गेल्या आहेत. खरवडलेल्या सालीतून चीक येतो, वाळतो, आणि तो गोळा करतात. पाहणाऱ्याला त्यात गूढ असे काही नाही.

पण ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात हेरोडोटस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने या झाडाविषयी काय लिहून ठेवले आहे? तो म्हणतो, अरबस्तानात लोबानाच्या झाडांची राखण रंगीबेरंगी, लहान चणीचे, पंख असलेले साप करतात. प्रत्येक झाडाभोवती त्यांचे थवे असतात. दुसऱ्या एका डिंकाचा धूर केल्यावाचून ते हटत नाहीत. दालचिनीविषयी त्याने याहून मोठी गोष्ट सांगितली आहे. प्रचंड पक्षी दालचिनीच्या काड्या आणून उंच कड्यावर घरटी बांधतात, मग अरब लोक खाली मांसाचे मोठाले तुकडे ठेवतात, पक्षी ते उचलून घरट्यात नेतात, वजनाने घरटे कोसळते आणि दालचिनी खाली पडते.

हेरोडोटस हा मूर्ख मनुष्य नव्हता. त्याला इतिहासलेखनाचा जनक म्हणतात, आणि ‘असे अरब सांगतात’ हे सांगायला तो बहुधा विसरत नाही. तो स्वतः धोफारला आलेला नव्हता. मात्र पंखांच्या सापांचा पुरावा बघायला तो इजिप्तमध्ये एका जागी मुद्दाम गेला आणि तेथे त्याने हाडांचे ढीग पाहिले, असे तो लिहितो. हा तपशील मुलांना जरूर सांगावा. हाडे खरी होती, डोळ्यांनी पाहिलेली होती. ती कुणाची होती, हा प्रश्न तेवढा राहिला. आज एखादे चित्र ‘हे बघा, प्रत्यक्ष पुरावा’ म्हणून येते तेव्हा पुष्कळदा हेच झालेले असते. चित्र खरे असते, पण त्याखाली लिहिलेला मजकूर दुसऱ्याच गावचा असतो.

यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, एका निनावी व्यापाऱ्याने समुद्रमार्गाची एक वही लिहिली. ‘पेरिप्लस’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. आपल्याला तिचे अप्रूप दुहेरी आहे, कारण तिच्यात कल्याण, सोपारा, पैठण आणि तेर यांची नावे आहेत, आणि धोफारच्या किनाऱ्यावरचे मोस्खा हे बंदरही आहे. बहुतेक अभ्यासक ते म्हणजे ताक्याजवळचे खोर रोरी, समहरम, असे मानतात. भडोचकडून आणि मलबाराकडून येणारी जहाजे तेथे हंगामासाठी थांबत आणि कापड, गहू, तिळाचे तेल देऊन लोबान घेत, असे त्याने नोंदवले आहे. आपल्या लोकांचे या किनाऱ्याशी असलेले नाते एवढे जुने आहे! या व्यापाऱ्याच्या वहीत उडते साप नाहीत. हवा कुंद आणि रोगट आहे, धुके दाट आहे आणि लोबान गोळा करायला राजाचे गुलाम व कैदी लावतात, असे तो रोखठोक लिहितो.

मात्र त्यालाही एक गोष्ट पटलेली दिसते. बंदरावर लोबानाचे ढीग राखणदाराशिवाय पडलेले असतात, कारण देवच त्यांची राखण करतो. राजाच्या परवानगीवाचून एक कण जरी जहाजात चढवला तरी ते जहाज बंदरातून हलत नाही, असे त्याने लिहून ठेवले आहे. ही समजूत कुणाच्या सोयीची होती हे सांगायला नको. पहारेकऱ्यांचा पगार वाचला.

तोच प्रश्न रोमन लेखक प्लिनीने त्याच शतकात विचारला. दालचिनीच्या घरट्यांच्या गोष्टी सांगून तो म्हणतो की मालाची किंमत वाढवण्यासाठी या कहाण्या रचलेल्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने विचारलेला हा प्रश्न आजही पहिला प्रश्न म्हणून चालतो: हे मी खरे मानले तर फायदा कुणाचा? प्लिनी स्वतः मात्र इतर असंख्य भाकडकथा निमूटपणे लिहून गेला, आणि तेही मुलांपासून लपवू नये. एका ठिकाणी हुशार असलेला माणूस दुसऱ्या ठिकाणी सहज फसतो.

फार जुन्या काळी कशाला जायचे? १९९२ साली शिसर येथे, वाळवंटाच्या कडेला, अवकाशातून घेतलेल्या चित्रांच्या मदतीने ‘हरवलेले उबार शहर सापडले’ अशी बातमी जगभर पहिल्या पानांवर झळकली. उत्खनन खरे होते, तटबंदी खरी होती, आणि २००० साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या लोबानभूमीत शिसरचा समावेशही झाला. पण त्याच उत्खननाचे प्रमुख पुरातत्त्वज्ञ युरिस झारिन्स यांनी पुढे सांगितले की उबार हे एका शहराचे नाव नसून प्रदेशाचे नाव असावे. ही दुरुस्ती पहिल्या पानावर आली नाही. दुरुस्त्या सहसा येतच नाहीत.

आता आपल्या घराकडे वळू.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात महापालिकेने रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचा हुकूम काढला. आणि मग गिरणगावात एकाहून एक भयंकर गोष्टी पसरल्या. इस्पितळात माणसांना उलटे टांगून त्यांच्या अंगातून मोमियाई काढतात. डॉक्टर रोग्यांना विष देऊन मारतात. राणीच्या पुतळ्याला कुणी डांबर फासले, म्हणून संतापलेल्या राणीने मुंबईकरांची काळजे मागवली आहेत. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली.

आज आपण हे वाचून हसू. मुलेही हसतील. पण तेथेच त्यांना थांबवावे आणि विचारावे की त्या कामगारांच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? कारण त्यांना जे दिसत होते ते असे: इस्पितळात गेलेला माणूस बहुतेक वेळा परत येत नव्हता. नातेवाइकांना आत सोडत नव्हते. जातपात, सोवळेओवळे, बायकांचा पडदा यांचा विचार करायला अधिकाऱ्यांना सवड नव्हती. सरकार जे सांगे ते हुकमाच्या भाषेत, समजावून सांगण्याच्या नव्हे. ज्याच्यावर विश्वास नाही त्याने खरे सांगितले तरी ते खोटेच वाटते, आणि ती मोकळी जागा मग शेजारी, दुकानदार, गिरणीतला सोबती भरून काढतो. आमच्या मते अफवेचे खरे मूळ अज्ञानापेक्षा या अविश्वासात अधिक आहे.

पुढे फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि पुण्यात रँडसाहेबांच्या हाताखाली गोरे सैनिक घराघरांत शिरू लागले. त्या काळातल्या सगळ्याच कहाण्या अफवा नव्हत्या. सामान रस्त्यावर फेकणे, बायकांना उघड्यावर तपासणे, देवघरात बुटांनी शिरणे, याच्या तक्रारी त्या वेळच्या पुण्यातल्या जाणत्या लोकांनी केल्या आहेत. प्लेग हॉस्पिटलातल्या गैरव्यवस्थेविषयी पंडिता रमाबाईंनी जाहीरपणे लिहिले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकलोच आहोत. म्हणजे खऱ्या तक्रारी आणि राणीने मागवलेली काळजे, दोन्ही एकाच पेठेत, एकाच दिवशी, एकाच तोंडातून बाहेर पडत होती. त्यांतले धान्य आणि खडे वेगळे करायचे कसे? ‘सगळे खोटे’ म्हणणारा जितका चुकला तितकाच ‘सगळे खरे’ म्हणणाराही.

लोकमान्य टिळकांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. ‘केसरी’तून त्यांनी सरकारी जुलमावर कडाडून टीका केली, पण रोगच खोटा आहे असे ते म्हणाले नाहीत. उलट पुण्यात हिंदू प्लेग हॉस्पिटल उभे करायला त्यांनी हात लावला. मुंबईतही निरनिराळ्या जमातींनी आपापली इस्पितळे काढली, आणि आपल्या माणसांच्या हाती आपला रोगी आहे म्हटल्यावर मोमियाईची भीती ओसरत गेली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना स्वतः प्लेगने गेल्या, १० मार्च १८९७ रोजी. त्यांनी कुणाला पत्रके वाटून समजावले नाही. रोग्याला उचलून दवाखान्यात नेले.

लशीची कथाही याच वेळची. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. तरी लशीने माणूस मरतो ही बोलवा होतीच. पाच वर्षांनी, १९०२ मध्ये, पंजाबातील मल्कोवाल गावी एका बाटलीतली लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. बोलवा खरी झाली असेच तेव्हा सर्वांना वाटले असणार. हाफकिन यांना कामावरून दूर केले गेले. त्या बाटलीत जंतू लस टोचतेवेळी शिरले, लस बनवताना नव्हे, हे मान्य व्हायला आणि त्यांच्यावरचा ठपका पुसायला कित्येक वर्षे गेली. परळच्या ज्या प्रयोगशाळेला आज आपण हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो, तिला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ साली. एका खऱ्या घटनेवरून सगळ्यावर शिक्का मारायचा, हा फसण्याचा सर्वांत सभ्य प्रकार आहे, आणि कोविडच्या काळात, १२० वर्षांनंतर, आपल्या कुटुंबांच्या गटांवर तो जसाच्या तसा पुन्हा पाहायला मिळाला.

आता २१ सप्टेंबर १९९५ चा गुरुवार. ज्यांचे वय आज चाळिशीपुढे आहे त्यांना तो आठवत असेलच. पहाटे दिल्लीच्या एका देवळात गणपती चमच्याने दूध पितो अशी वार्ता उठली आणि दुपारपर्यंत ती लंडनच्या साउथॉलपर्यंत पोचली. तेव्हा मोबाईल नव्हते, व्हॉट्सॲप नव्हते. होते ते साधे फोन आणि एसटीडीचे बूथ. तेवढ्यावर काम भागले. मुलांना हे सांगितले की त्यांचा एक गैरसमज दूर होतो. अफवेला इंटरनेट लागते असे नाही, तिला फक्त सांगण्याची घाई झालेली माणसे लागतात.

त्या दिवशी सरकारी विज्ञान संस्थेच्या लोकांनी दुधात रंग मिसळून ते मूर्तीच्या सोंडेला लावून दाखवले. रंगीत दुधाचा बारीक ओघळ मूर्तीवरून खाली उतरताना स्पष्ट दिसला. काठोकाठ भरलेला चमचा ओल्या दगडाला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध दगडाकडे ओढले जाते आणि पातळ पापुद्रा होऊन खाली सरकते. पांढऱ्या संगमरवरावर पांढरे दूध दिसत नाही, इतकेच. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती हेच समजावत गावोगाव फिरली. हा प्रयोग घरी करता येतो. वरवंटा ओला करून उभा धरावा आणि चमचा टेकवावा, वरवंटाही दूध पितो. यात कुणाच्या श्रद्धेला धक्का लावण्याचे कारण नाही. गणपतीवर भक्ती असलेल्या आमच्यातल्या कितीतरी जणांना तो वरवंटा पाहून आनंदच झाला.

एक अवघड गोष्टही मुलांपुढे ठेवावी असे आम्हांला वाटते. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बारा ठिकाणी बाँबस्फोट झाले, २५७ माणसे गेली. मुख्यमंत्री शरद पवार यांनी दूरदर्शनवर तेरा स्फोट झाल्याचे सांगितले आणि तेरावे ठिकाण म्हणून मुस्लिम वस्तीच्या मशीद बंदरचे नाव घेतले. तेथे स्फोट झालेला नव्हता. आधीच्या दोन महिन्यांत पेटलेले शहर पुन्हा पेटू नये म्हणून आपण जाणूनबुजून तसे सांगितले, हे पुढे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. ते बरोबर होते की चूक? बैठकीत या प्रश्नावर आमच्यातच दोन तट पडले आणि चहा थंड झाला. पण मुलांना असा प्रश्न दिला की ती स्वतः विचार करू लागतात. ‘खोटे बोलू नये’ हे वाक्य त्यांनी बालवाडीत ऐकलेले असते.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहायचे ठरले.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे लहानसे गाव आहे. १ जुलै २०१८ हा रविवार, गावचा आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण त्या दिवशी तेथे आले. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची ही माणसे. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा त्यांचा पिढ्यान्पिढ्यांचा शिरस्ता. आपल्या लहानपणी दारात आलेला गोसावी कोण हे आजीला माहीत असे. ती सुपातून पसाभर जोंधळे घालायची आणि तो आशीर्वाद देऊन पुढे जायचा. राईनपाड्यात त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढे निमित्त झाले. मुले पळवणारी टोळी आली अशी हाकाटी उठली. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून मारले. पाचही जण मेले.

त्या गावाच्या लोकांच्या फोनवर आधीचे कित्येक आठवडे मुले पळवणाऱ्या टोळ्यांचे निरोप येत होते. त्या उन्हाळ्यात देशभर फिरलेली एक चित्रफीत अनेकांनी पाहिली असेल: मोटरसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणाऱ्या पोरांतले एक उचलतात आणि निघून जातात. ती फीत कराचीची होती. तेथल्या एका सेवाभावी संस्थेने, मुलांवर लक्ष ठेवा हे पालकांना सांगण्यासाठी, ती अभिनय करून बनवली होती. मूळ फितीच्या शेवटी मोटरसायकलवाला परत येतो, मुलाला खाली ठेवतो आणि हातात फलक धरतो. तेवढा शेवट कुणीतरी कापला. बाकी काही खोटे नव्हते, फक्त काही सेकंद काढून टाकले होते. मुलांच्या मृतदेहांची म्हणून जी चित्रे फिरली, त्यांतली काही २०१३ च्या सीरियातली होती. हेरोडोटसने पाहिलेली हाडे ती हीच.

त्याच रात्री मालेगावातही असाच जमाव जमला होता. परभणीकडचे एक कुटुंब, त्यात एक लहान मूल, त्याच्या हाती सापडले. तेथल्याच एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतले, दार लावले, आणि पोलीस येईपर्यंत थोपवून धरले. ते कुटुंब वाचले. राईनपाडा सर्वांना माहीत आहे, मालेगावचे ते दार फारसे कुणाला माहीत नाही. दोन्ही गोष्टी मुलांना एकत्र सांगाव्यात.

या घटनांनंतर त्याच जुलै महिन्यात भारतात व्हॉट्सॲपने एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली, आणि निरोपावर ‘पुढे पाठवलेला’ अशी खूण येऊ लागली. ती खूण मुलांना दिसते. तिच्यामागे काय आहे ते बहुधा त्यांना ठाऊक नसते.

‘हे सगळे तिकडे, आपल्याकडे काय?’ असे कुणी म्हणेल. राईनपाड्याच्या सव्वा महिना आधी, २५ मे २०१८ च्या रात्री, मेकुनू चक्रीवादळ रायसूतजवळ किनाऱ्यावर आले. सलालाहमध्ये चार दिवसांत सहाशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, येथल्या वर्षभराच्या पावसाच्या पाचपटीहून जास्त. त्या वेळी पाणी, वीज, पेट्रोल यांविषयी काय काय फिरले आणि कुठल्या कुठल्या देशांतल्या वादळांची चित्रे सलालाहची म्हणून गावाकडे पोचली, ते आपण विसरलेलो नाही. गावी आईवडील रात्रभर जागे होते, ते खऱ्या वादळापेक्षा त्या चित्रांमुळे अधिक.

शिवाय येथे कायदा आहे. ओमानच्या २०११ च्या सायबर गुन्हे कायद्यात आणि २०१८ च्या दंडसंहितेत या बाबतीत कैदेपर्यंतच्या शिक्षा आहेत. ‘मी लिहिले नाही, नुसते पुढे पाठवले’ या सबबीवर विसंबून राहण्यात शहाणपण नाही. पुष्कळ घरांत मुलाच्या फोनचे कार्ड वडिलांच्या नावावर असते, आणि घराचा निवास परवाना वडिलांच्या नोकरीवर. मुलांना हे धाक म्हणून नव्हे, वस्तुस्थिती म्हणून सांगितले पाहिजे. ती समजण्याइतकी मोठी झाली आहेत.

मग शिकवायचे कसे? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाईनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. इतिहासाचे डॉक्टरेट मिळवलेले दहा, विद्यापीठातले पंचवीस हुशार विद्यार्थी आणि वर्तमानपत्रांसाठी बातम्यांची सत्यता तपासणारे दहा व्यावसायिक, अशा पंचेचाळीस जणांना त्यांनी काही संकेतस्थळे पाहायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थी ते पान वरपासून खालपर्यंत बारकाईने वाचत बसले, त्याचा सुबकपणा, त्याचे नाव, त्याची भाषा पाहत राहिले, आणि पुष्कळदा फसले. तपासनीसांनी मात्र ते पान थोडके पाहून बाजूला ठेवले आणि या लोकांविषयी इतर कोण काय म्हणते ते शोधले. ते लवकर आणि बरोबर उत्तरावर पोचले.

आपल्याला यात नवे काय? मुलीसाठी स्थळ सांगून आले की आपण मुलाच्या वडिलांनाच ‘मुलगा कसा आहे हो?’ असे विचारून थांबतो का? शेजारी विचारतो, कचेरीत विचारतो, मामाच्या गावात कुणी ओळखीचे निघते का ते पाहतो. स्थळाची चौकशी स्थळाकडे करायची नसते. पोरांना हे लगेच कळते, आणि त्यावर त्यांची थट्टामस्करीही चालते, पण लक्षात राहते.

आपल्या केरळी शेजाऱ्यांना ठाऊक असेल, २०१८ मध्ये कण्णूर जिल्ह्यात सुमारे दीडशे सरकारी शाळांतून खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्गच सुरू झाले होते. लशीविषयीच्या वावड्यांनी तेथले जिल्हा प्रशासन हैराण झाले होते. शाळेच्या वेळात, शिक्षकांनी, धडा म्हणून शिकवलेला हा विषय. आपल्याला तेवढे जमणार नाही. महिन्यातून एका शुक्रवारी दीड तास जमेल.

त्या दीड तासात मोठ्यांनीही बसावे, अशी आमची विनंती आहे. २०१६ च्या अमेरिकन निवडणुकीवरच्या एका अभ्यासात पासष्टीपुढच्या लोकांनी सर्वांत तरुण गटाच्या जवळजवळ सातपट खोटे लेख पुढे धाडले, असे आढळले. घरच्या गटावर ‘सकाळी उपाशीपोटी हे घ्या’ हा निरोप बहुधा कोण पाठवते, ते वाचकांनी मनातल्या मनात आठवावे. मुलांनी आजोबांना चूक कशी दाखवावी, हाही त्या वर्गातला एक धडा असेल. भर गटात ‘हे खोटे आहे’ असे लिहून नव्हे. फोन करून, ‘आजोबा, हे तुम्हांला कुणी पाठवले?’ एवढे विचारून. पुष्कळदा तेवढ्याने काम होते.

आणखी एक. आजकाल यंत्राच्या साहाय्याने कुणाचाही आवाज, कुणाचाही चेहरा हुबेहूब बनवता येतो. ‘अडचणीत आहे, पैसे पाठवा’ असा मुलाच्या आवाजातला फोन आला तर काय करायचे, हे प्रत्येक घराने आधीच ठरवून ठेवावे. घरातल्या घरात एक खुणेचा शब्द ठरवला तरी पुरे. शब्द मात्र कुत्र्याचे नाव किंवा जन्मगाव असा सर्वांना ठाऊक असलेला नको.

पहिला वर्ग खरीफ संपल्यावर, वर्गात न घेता मिरबातच्या बाजूच्या त्या प्रसिद्ध उतारावर घ्यायचा विचार आहे, जिथे बंद केलेली गाडी आपोआप चढावर जाते म्हणून आपण प्रत्येक पाहुण्याला नेतो. डोंगरात चुंबक आहे असे आपणच पाहुण्यांना सांगत आलो आहोत. येताना प्रत्येक मुलाने पाण्याची बाटली आणावी. रस्त्यावर पाणी ओतले की तेही ‘चढावर’ वाहत जाते, आणि चुंबक पाण्याला ओढत नाही. मग गवंड्याची पाणसळ रस्त्यावर ठेवायची आणि बुडबुडा कोणत्या बाजूला जातो ते पाहायचे. भोवतालच्या टेकड्यांनी क्षितिज झाकले आहे, म्हणून उतार चढासारखा दिसतो. कारण कळल्यावरही डोळ्यांना मात्र तो चढच दिसत राहतो. पाणसळ आमच्याकडे एकच आहे; कुणाकडे आणखी असल्यास सोबत आणावी. डबे ज्याचे त्याने आणावेत, चहा मंडळाकडून.